पत्रिकेतला ठेकेदार

सेलू, ३ फेब्रुवारी १९५५

प्रिय सुंदरा,

तुला आणि जावयांना आशीर्वाद. आईचा खोकला उतरलाय. शेळीला दोन पिल्लं झाली. जिनिंगचा हंगाम भरात आहे, पण मी महिनाभर घरीच बसून आहे. थकलो गं पोरी. कामानं कधी थकलो नव्हतो, या रिकामपणानं थकलो.

गेल्या वर्षी, तुझ्या लग्नाआधी, मालकांनी मला ऑफिसात खुर्ची दिली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा! स्टॅम्पाच्या कागदावर सही घेतली आणि म्हणाले, आजपासून तू मजूर नाहीस, ठेकेदार. चार माणसं तुझी, जिनात कापूस घालायचं काम तुझं, पैसे खंडीमागे. मी चौथी शिकलेला शहाणा, पेढे घेऊन घरी आलो. पण भोंगा तोच, फाटकावरची हजेरी तीच, दिवाणजीच्या शिव्याही त्याच. तुझ्या लग्नासाठी या ठेकेदाराला तीन दिवसांची सुट्टी हात जोडून मागावी लागली. तेव्हाच डोळे उघडायला हवे होते.

दिवाळीनंतर सरकारनं मजुरी वाढवली. मालक म्हणाले, ती कारखान्याच्या मजुरांना. तुझ्या माणसांना तू दे. खंडीचा दर मात्र जुनाच. माझ्या चार माणसांतली भागीरथा, बारा वर्षं माझ्या शेजारी कापसाच्या धुळीत राबलेली बाई. फाटकापाशी सगळ्यांसमोर म्हणाली, "गोमाजीभाऊ, ठेकेदार तू हायेस, तं आमचे पैसे काऊन देऊन नाई राह्यला?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला कुठून देणार? माझ्याच हाती पूर्वीपेक्षा कमी पडत होतं. मग आम्ही पाचही जणांनी वर्ध्याला दावा लावला, की आम्ही सगळे कारखान्याचेच मजूर. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला फाटक बंद.

परवा मालकांच्या वकिलानं कोर्टात तुझी लग्नपत्रिका काढली. मीच कुंकू लावून मालकांना दिलेली. तीत माझ्या नावापुढे ठळक छापलंय, ‘जिनिंग ठेकेदार’. भारी हौस ना मला! तो शब्द वाचूनच कारंजाचे पुनाजी व्याही सोयरिकीला तयार झाले, हे तुलाही ठाऊक आहे. वकिलानं तो मोठ्यानं वाचला तेव्हा लोक हसले. तानबाही हसला, आणि तो आमच्याच पाचांतला.

आता चौदा तारखेला मला शपथेवर सांगायचंय, की पत्रिकेतलं खोटं होतं, मोठेपणासाठी छापलं होतं. मी स्वतःला ठेकेदार म्हणवलं होतं हे वदवून घ्यायला पुनाजींनाही साक्षीला बोलावणं येणार आहे. दावा मागे घ्यावा असं चारदा मनात आलं, पण भागीरथाला तोंड कसं दाखवू? पुनाजींना हे कोर्टात कळू नये, आधी तुझ्या तोंडून कळावं, म्हणून लिहितोय. टोमणे तुला बसतील, ते माझ्यामुळे. मला वाईट वाटतं गं. सांगताना माझी बाजू घेऊ नकोस, कारणंही देऊ नकोस. एवढंच सांग, माझा बाप मजूर आहे.

तुझाच,
बाबा