समासातला आकडा

३ मार्च, मंगळवार
नकार! व्हिसा नाही. कारण — 'जन्मदाखला बनावट असल्याचा संशय.' तीनदा वाचलं. सात वर्षं लॅबमध्ये लोकांचे खोटे दात बनवतेय, पण खोटा कागद? एकही नाही!

घोळ त्या लसींच्या कार्डाचा. लहानपणीचं, आईच्या ट्रंकेतलं. व्हिसावाल्यांनी लसींचा पुरावा मागितला म्हणून मीच हौसेने जोडलं. त्यावर नावाच्या जागी नुसतं 'बेबी', आणि जन्मसाल दाखल्यापेक्षा दोन वर्षं पुढचं. नर्सने चुकीचं लिहिलं असणार. तिकडच्या लॅबने माझी जागा मेअखेरपर्यंत धरून ठेवलीय.

५ मार्च
वकीलबाई म्हणाल्या, "घाबरू नका. जन्माच्या वहीचा उतारा आणा, आणि कार्डावरचं साल चुकलंय असं आईचं प्रतिज्ञापत्र. मग अपील करू."

आईला सांगितलं. "राहू दे ना गं. इथे काय वाईट चाललंय?" भाजी चिरत होती. चिरलेलीच पुन्हा चिरत राहिली.

९ मार्च
नोंदणी कार्यालय. कारकुनाने वही काढली, झटकली, पान सापडलं. "आहे की! दाखला शंभर नंबरी." मी जवळजवळ ओरडलेच! मग त्याचं बोट समासात थांबलं. तिथे पेन्सिलीने एक आकडा.

"हा काय?"

"मृत्यूच्या वहीचा पान नंबर." चष्म्यावरून बघत राहिला. "बाई, ही तुम्हीच ना?"

"हो."

"मग चुकून पडला असेल. उताऱ्यात समास येत नाही."

ती दुसरी वही मीच मागितली. नाव माझं. खाली आई-बाबांची नावं. वय पाच महिने. कारण — ताप.

१० मार्च
एवढंच विचारलं — "ती कोण?"

आईने गॅस बंद केला. खाली बसली. "तुझ्याआधीची."

माझ्या जन्माची नोंद करायची बाबांकडून राहून गेली. शाळेने दाखला मागितला. घरात एकच होता. "तोवर तू नुसती छकुली होतीस. नाव दाखल्याबरोबर आलं." बाबा असते तर त्यांच्याशी भांडले असते. आता कुणाशी भांडू?

चार वर्षांची मी, सहाची म्हणून पहिलीत बसले. म्हणून वर्गात सगळ्यांत बुटकी! सगळे हसायचे. मीही हसायचे.

११ मार्च
आई नावाने हाक मारण्याआधी क्षणभर थांबते. आयुष्यभर थांबत आलीय. मला वाटायचं, दम लागतो.

१४ मार्च
मेणात दात बसवताना हात थांबला. ती असती तर पस्तिशीची. कागदोपत्री मी पस्तिशीचीच आहे. तिचे सगळे वाढदिवस मी साजरे केले. आईने केक कधी तोंडाला लावला नाही. "गोड सोसत नाही मला."

रस्त्यात कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली. वळले नाही. म्हटलं, तिला मारली असेल.

१७ मार्च
वकीलबाईंना सगळं सांगायला गेले. उतारा बघून त्या इतक्या खूश — "झालं! जिंकलोच समजा." मी तोंड उघडलं आणि मिटलं. निदान इथे तरी लिहून ठेवते — मी बोलले नाही.

२० मार्च
प्रतिज्ञापत्र. वकीलबाईंनी मोठ्याने वाचलं — 'सदर तारखेस जन्मलेली माझी मुलगी हयात असून...'

मला आईकडे बघवेना. हळूच म्हटलं, "आई, नको. चल घरी."

"पेन दे."

तिने एका दमात सही केली. त्याचीच भीती वाटली. जिना उतरताना कठडा धरून थांबली. म्हणाली, "एकदा तरी तसं लिहायला मिळालं मला."

२ एप्रिल
अपील जाऊन आठवडा झाला. फोनवर स्वतःचं नाव सांगताना जीभ अडखळते.

१८ मे
अपील मंजूर. दाखला अस्सल ठरला. पासपोर्ट घरी आला, आत व्हिसा. आईने ते पान उघडलं. माझ्या फोटोकडे पाहिलंच नाही. नावावर बोट ठेवून म्हणाली, "बघ गं, निघाली तुझी ताई."