चार पिंपे आणि पाचवा वायसर

मी, आल्फोन्स पीटर रीडरर, वय वर्षे ब्याऐंशी पूर्ण, विधुर, सरबताच्या कारखान्यातून निवृत्त झालेला पाइपफिटर, शिक्षण चौथी उत्तीर्ण, राहणार हॅटेनबर्ग, परगणा मॅनिटोवॉक, राज्य विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत. तळघराच्या तेरा पायऱ्या उतरल्यास पुन्हा वर येण्यास मला अर्धा तास लागतो. म्हणून तळघराविषयी जे सांगावयाचे ते वरच बसून सांगत आहे.

वकील श्रीमती ब्रुग्मन यांनी मला छापील नमुना देऊ केला होता. त्यात माझ्या पिंपांचा उल्लेख ‘इतर किरकोळ जंगम वस्तू’ असा होता. तो नमुना मी परत केला.

कलम एक. राहते घर माझी कन्या डोरीन हिला. छप्पर पाच वर्षांपूर्वी नवीन घातलेले आहे. कोणी ठेकेदार निराळे सांगू लागल्यास त्याला पायरीवरूनच वाटेला लावावे. बँकेतील शिल्लकही तिचीच. ती किती आहे हे तिला ठाऊक आहे. इतरांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

कलम दोन. जावई ड्वेन यास गवत कापण्याचे यंत्र आणि माझे नळजोडणीचे सर्व पाने. पिंपे नाहीत. कारण नोंदवून ठेवतो. बिअरमध्ये वायू मुरण्यास दहा दिवस लागतात. ड्वेन म्हणाला, “बाबा, दहा दिवस कोण थांबतंय? दाब वाढवायचा, पिंप मांडीवर घ्यायचं, गदागदा हलवायचं, की संध्याकाळी प्यायला तयार!”

“मांडीवर नातवंडं घे,” मी म्हणालो.

त्याने हलवलेच. संध्याकाळी तोटीतून दाढीचा फेस आला. ड्वेन मनाने चांगला माणूस आहे.

कलम तीन. ऑगस्टिन केसलर यास काहीही नाही. कारण त्याला ठाऊक आहे.

कलम चार. माझ्या तळघरातील बिअरची संपूर्ण मांडणी रस्त्यापलीकडे राहणारे क्लेटस जोसेफ शोमर, वय एकोणऐंशी, यांस मिळावी. पाच गॅलनांची चार पोलादी पिंपे, वायूचा एक सिलिंडर, रेग्युलेटर, नळ्या, आणि झाकणाखाली लाकडी चौकट बसवून त्यात दोन तोट्या घातलेला डीप फ्रीझर. ती चौकट आम्ही दोघांनी मिळून केली आहे. दाब बारा पौंड, थंडी अडतीस अंश फॅरनहाइट. तोटीची नळी दहा फूट आहे, ती लांब वाटली तरी कापू नये; नळी आखूड झाली की ग्लासात बिअरऐवजी फेस येतो. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडा दिसला तर वायू गळत आहे असे समजावे. क्लेटसला हे सर्व येते. तरी लिहिले आहे.

ही पिंपे मुळात सरबताची. कारखान्याने ती मोडीत काढली तेव्हा मी आणली. सरबताचा वास रबरात मुरतो, म्हणून प्रत्येक पिंपाचे पाचही वायसर बदलावे लागतात. आमची कामे ठरलेली होती: धुणे क्लेटसचे, वायसर माझे. सन १९९८ च्या ऑगस्टमध्ये चर्चच्या वार्षिक मेळाव्यासाठी आम्ही बिअर नेली. एका पिंपातील बिअरला सरबताचा गोड वास आला. पाद्रीबाबा हसून म्हणाले, “आल्फी, ही मुलांच्या रांगेत ठेव!” सगळे हसले. मी सर्वांसमोर सांगितले की धुण्याचे काम माझे नव्हे. त्यास जोडून आणखी एक वाक्य बोललो. ते येथे लिहिण्याची आवश्यकता नाही. क्लेटसने हातातला ग्लास टेबलावर ठेवला आणि तो घरी गेला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

पुढच्या वसंतात मी ते पिंप उघडले. लांब नळीच्या मुळाशी असलेला पाचवा वायसर जुनाच होता. तो मी बदलला नव्हता. दोष माझा होता, हे मी याद्वारे कबूल करतो. हे मला दहा वर्षे ठाऊक आहे.

कलम पाच. वरील मजकूर वाचून श्रीमती ब्रुग्मन यांनी चष्मा काढला. “रीडररसाहेब, हे तुमच्या माघारी वाचलं गेलं, तर त्यांनी उत्तर कोणाला द्यायचं? रस्ता ओलांडायला चाळीस पावलंसुद्धा नाहीत.”

मी त्यांना सांगितले की माझी चाळीस पावले संपली आहेत. शिवाय माफी मागण्यासाठी मी आजवर कोणास घरी बोलाविलेले नाही. परंतु कायद्याच्या कामासाठी साक्षीदार बोलाविता येतो. क्लेटसला साक्षीला बोलवा, असे मी म्हणालो.

“साक्षीदाराला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांनी सही केली, तर पिंपं गेली.”

“मग ते त्याचं तो ठरवील.”

डोरीन जाऊन त्यास घेऊन आली. तो खुर्चीवर बसला. माझ्या नाकाला लावलेल्या प्राणवायूच्या नळीकडे त्याने पाहिले. त्याने कलम चार वाचले. तो सावकाश वाचतो, आम्ही थांबलो.

“वायसरचं मला काय करायचंय?” तो म्हणाला. “असेल तुझा, नाहीतर माझा. रबर ते! ते वाक्य कुठंय?”

“त्याची गरज नाही.”

“तुला नसेल. मी रोज ऐकतो ते.” त्याने कागद माझ्याकडे सरकविला. “एवढा मोठा काटेकोर तू. दाब लिहिलास, अंश लिहिलेस, दहा फूट लिहिलंस. ते तेवढं विसरलास होय रे?”

“बाबा,” डोरीन म्हणाली, “लिहा ना.”

मी दमलो आहे असे मी सांगितले. ते खरे होते.

“मीपण दमलोय,” क्लेटस म्हणाला. “लिही.”

कलम सहा. म्हणून पुढील मजकूर आज, सर्वांसमक्ष, माझ्या हाताने. मेळाव्यात मी बोललो ते वाक्य असे: ‘रीटा गेल्यापासून या माणसाच्या घरात काही धड धुतलं जात नाही.’ क्लेटसच्या पत्नी रीटा शोमर त्याच वर्षी फेब्रुवारीत वारल्या होत्या. शेवटचे चौदा महिने त्यांचे कपडे, अंथरूण आणि त्यांचे केस क्लेटसने स्वतः धुतले. हे मला ते वाक्य बोलताना माहीत होते. लोक मला हसले, म्हणून मी ते बोललो. ते बोलणे नीच होते. मी त्याची माफी मागतो. आणि ही माफी माझ्या मृत्यूनंतर नव्हे, तर लिहिल्या क्षणापासून लागू समजावी.

क्लेटसने हे दोनदा वाचले. श्रीमती ब्रुग्मन यांनी पेन पुढे केले.

“मी सही केली तर पिंपं जातात, असंच ना बाई?”

“हो.”

“मग दुसरा माणूस बघा.” त्याने पेन परत दिले. “आणि आल्फी, नळी दहा फूट फार होते. आठ पुरे.”

“दहा,” मी म्हणालो.

दारात टपाल घेऊन आलेल्या इसमास डोरीनने आत बोलाविले.

ठिकाण हॅटेनबर्ग, माझे राहते घर. दिनांक १९ फेब्रुवारी २००९.

सही: आल्फोन्स पी. रीडरर

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले:
१. हॅरिएट ब्रुग्मन, वकील
२. लाइल टेस्के, टपाल वाटणारे

खोलीत उपस्थित, परंतु साक्षीदार नव्हेत:
डोरीन, माझी कन्या, कलम एकची वारस.
क्लेटस जोसेफ शोमर, कलम चारचे वारस. शेवटपर्यंत हजर.