शताब्दी ग्रंथाच्या पान ११२ वरचा मास्क

प्रति,
मा. संचालक,
इतिहास व प्रकाशन कक्ष,
राष्ट्रीय कामगार विभाग.

प्रत माहितीसाठी : मुख्य वैद्यकीय निरीक्षक, व्यवसायजन्य आजार शाखा.

विषय : शताब्दी ग्रंथातील पान ११२ वरील छायाचित्राखालचा मजकूर दुरुस्त करणे व त्या छायाचित्राच्या आधारे नाकारलेली माझ्या वडिलांच्या मृत्यूची नोंद करणे.

संदर्भ : १) वैद्यकीय शाखेचे दि. २ मार्चचे नकारपत्र.
२) आपल्या कक्षाचे दि. ९ मेचे निमंत्रण, माझ्या मृत वडिलांच्या नावे.

महोदय,

१. पान ११२ वर दगडी फरश्यांच्या कारखान्यात फरशी घासण्याच्या यंत्रापाशी पांढरा मास्क लावून उभे असलेले गृहस्थ माझे वडील आहेत. खाली आपण छापले आहे, "सुरक्षिततेची सवय : विभागाच्या प्रयत्नांचे फलित." त्या यंत्रावर त्यांनी तेवीस वर्षे काढली. गेल्या नोव्हेंबरात ते वारले. दगडाची भुकटी बसून बसून त्यांची फुफ्फुसे घट्ट झाली होती. रुग्णालयाच्या दाखल्यावर सिलिकोसिस हा शब्द स्वच्छ अक्षरात आहे.

२. हा मृत्यू कामामुळे झाला अशी नोंद करावी, असा अर्ज मी डिसेंबरात दिला. अशी एक नोंद झाली, की त्या कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराची छाती तपासणे आपल्या विभागावर बंधनकारक होते. मला हवे आहे ते एवढेच. वडिलांच्या यंत्रावर आता माझे धाकटे काका उभे असतात. त्यांचा खोकला मला ओळखीचा आहे. आमच्या घरात तो सहा वर्षे मुक्कामाला होता. तपासणीचा विषय काढला की काका म्हणतात, "मला काय धाड भरलीय? तू आधी जेव." एवढे बोलताना ते मध्ये एकदा दम घ्यायला थांबतात.

३. वैद्यकीय शाखेने कळवले, "मृत कामगार मुखपट्टी नियमित वापरत होता, हे विभागाच्या अधिकृत ग्रंथातील पान ११२ वरून सिद्ध होते. सबब आजार कामामुळे उद्भवला असे मानता येत नाही." फोटो आपण काढला, ओळ आपण लिहिली, आणि साक्ष म्हणून ती आपणच ग्राह्य धरली.

४. तो फोटो कसा निघाला ते सांगते. निरीक्षक येणार हे कारखान्याला आठ दिवस आधी कळे. त्या सकाळी मुकादम आपल्या कपाटाचे कुलूप काढी आणि बत्तीस मास्क वाटी. प्रत्येकावर शाईने आकडा घातलेला, म्हणजे संध्याकाळी मोजून परत घेता येत. एरवी यंत्राचे पाणी बंद असे, कारण पाणी सोडले की काम मंदावते. त्या दिवशी ते सोडत, जमीन धूत. मुकादम दारातून ओरडे, "तोंडं झाका रे, साहेब आले!" वडील घरी येऊन सांगत, "वर्षातून एक दिवस आम्ही सगळे डॉक्टर होतो." बाकीच्या दिवशी ते नाकाला रुमाल बांधत आणि पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन परतत. ते काळ्या केसांनी दारात उभे राहिले, की आई विचारी, "आज साहेब आले होते वाटतं?" कधी चुकली नाही.

५. हे सारे ऐकीव आहे असे आपण म्हणाल. म्हणून आपलाच फोटो बघावा, ही विनंती. मी भिंगाखाली पाहिला आहे. वडिलांचे केस काळे आहेत. पायाशी पाण्याचा ओघळ आहे. मास्कवर घडीच्या दोन ठळक रेषा आहेत, जशा पिशवीतून नुकत्याच काढलेल्या वस्तूवर असतात. डाव्या कोपऱ्यात १७ हा आकडा वाचता येतो. सवयीच्या वस्तूला घडी राहत नाही, महोदय.

६. मी आपला ग्रंथ पहिल्या पानापासून वाचला आहे. शंभर वर्षांपूर्वी एका गिरणीला आग लागली. दारांना बाहेरून कुलपे होती. त्या राखेतून आपला विभाग उभा राहिला : एक खोली, दोन कारकून आणि सायकलवरून फिरणारा एक निरीक्षक. पान ९ वर त्या निरीक्षकासाठी केलेला पहिला नियम आपण अभिमानाने चौकटीत छापला आहे, "निरीक्षक न कळवता जाईल." ते वाचताना मला आपल्या विभागाबद्दल आदर वाटला, तो लपवण्याचे कारण नाही. मग कामाचे तास ठरले, यंत्रांना जाळ्या लागल्या, कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी झाली. त्या यादीत दगडाची भुकटी चौथ्या क्रमांकावर आहे. आणि पान ६४ वर दोनच ओळी : "मालक व विभाग यांच्यात सौहार्द वाढावे म्हणून पूर्वसूचनेची पद्धत स्वीकारण्यात आली." त्याच्या पुढल्या वर्षी माझे वडील कामाला लागले. तेवीस वर्षांत न सांगता आलेला निरीक्षक त्यांनी एकदाही पाहिला नाही. पान ९ आणि पान ११२ यांच्यामध्ये नेमके काय मेले, हे आपल्या संपादकांच्या लक्षात आले नसेल, तर ते मी इथे लिहून देते : न कळवता जाणारा निरीक्षक.

७. दुरुस्तीसाठी मी आपल्या कक्षात चार वेळा आले. तिथले गृहस्थ सौजन्याने म्हणाले, "ताई, छापलेला इतिहास आहे तो. वैद्यकीय शाखेने मृत्यूची नोंद केली, तर आम्ही ओळ बदलू." वैद्यकीय शाखा वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, "इतिहासवाल्यांनी ओळ बदलली, तर आम्ही नोंद करू." मधल्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. काकांना त्या चढवल्या असत्या, तर कदाचित दोन्ही मजल्यांना काही ऐकू आले असते.

८. यानंतर आपले निमंत्रण आले. शताब्दी सोहळ्यात "आदर्श सुरक्षित कामगार" म्हणून माझ्या वडिलांचा गौरव होणार असून त्यांनी "छायाचित्रातील मुखपट्टीसह जातीने उपस्थित राहावे" असे त्यात म्हटले आहे. ते वारले आहेत, असे मी दूरध्वनीवरून कळवले. पलीकडचे अधिकारी म्हणाले, "अरेरे. त्यांना भाऊ वगैरे आहे का? कार्यक्रमपत्रिका छापून झालीय." दुसऱ्या दिवशी मुकादमाने काकांना बोलावून सांगितले, की तूच जा, मास्क लावला की कोण ओळखतंय? त्यासाठी सतरा नंबरचा मास्क कपाटातून काढून देऊ, मात्र संध्याकाळी परत आणायचा.

हे वाचून आपल्याला हसू आले, तर मी रागावणार नाही. आई हसली होती. नंतर तिने वडिलांचा रुमाल पुन्हा धुवायला काढला. तो सात महिने धुते आहे. पाणी अजून करडेच निघते.

९. तरी विनंती की, (अ) पान ११२ वरील ओळ काढून तिथे छापावे, "हा मास्क निरीक्षणाच्या दिवसापुरता देण्यात आला होता. हा कामगार सिलिकोसिसने वारला." (आ) ती दुरुस्ती वैद्यकीय शाखेस लेखी कळवून मृत्यूची नोंद करवून घ्यावी. (इ) उरलेल्या एकतीस जणांची आणि माझ्या काकांची तपासणी व्हावी, आणि तिला जाणाऱ्याने कारखान्याला आधी कळवू नये. आपल्याच पान ९ वर ते लिहिलेले आहे.

१०. सोहळ्याचे निमंत्रण काकांनी स्वीकारले आहे. मी त्यांना घेऊन येईन. सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून आम्ही तासभर आधी निघू. ते मास्क लावणार नाहीत. व्यासपीठावर पोचल्यावर त्यांना पहिले वाक्य बोलायला जितका वेळ लागेल, तितका वेळ आपण सर्वांनी थांबावे.

दुरुस्तीची वाट पाहणारी,

(सही)
पान ११२ वरील कामगाराची मुलगी
दिनांक : १२ जून

सोबत :
१. रुग्णालयाचा दाखला व छातीचा एक्स-रे.
२. पान ११२ ची मोठी केलेली प्रत, चार ठिकाणी खुणा करून.
३. पान ९ ची प्रत.
४. वडिलांचा रुमाल. (आईने परत मागितला आहे.)
५. मास्क क्र. १७ : जोडता आला नाही. तो कपाटात जमा आहे.