सासूबाई पुन्हा ड्युटीवर

३ जून
चाळीस खाटा आणि नर्स आम्ही दोघी! तिसरी परवा नोकरी सोडून परदेशी गेली. तिच्या जागी कोण? "बघतोय," अधीक्षक म्हणाले. आधीच्या रिकाम्या जागांचंही वर्षभर बघतायतच. मी सकाळी सातला आले, पाण्याचा पहिला घोट बारा वाजता.

४ जून
अधीक्षकांनी डोकं चालवलं! निवृत्त नर्सना करारावर परत बोलवायचं. पहिला फोन कुणाला? माझ्या सासूबाईंना! तीन वर्षांपूर्वी आमच्याच हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यात. मला वाटलं, गुडघ्यांचं कारण सांगून नाही म्हणतील. घरी पोचते तर जुना गणवेश इस्त्री होऊन खुर्चीवर तयार! नवरा हसून हसून लोळतोय. "आता तिकडेच भांडा दोघी."

६ जून
वॉर्डची इनचार्ज मी. म्हणजे सासूबाई माझ्या हाताखाली! घरी "अगं ए", आणि इथे — "सिस्टर, तुम्ही सांगाल तसं." मलाच घाम फुटला.

९ जून
पहिली ठिणगी. काम चोख, पण प्रत्येक खाटेपाशी गप्पा! बारा नंबरचा शिंपी तर लाडका. स्कूटरवरून पडून बरगडीला मार लागलाय, तोंडाला मात्र काही झालेलं नाही. म्हटलं, "आई, चाळीस जण आहेत. गप्पांना वेळ कुठाय?"
"सिस्टर, हेही कामच आहे."
झालं! बसमध्ये दोघी दोन खिडक्यांतून बाहेर बघत घरी आलो.

१० जून
अबोला. जेवताना मीठसुद्धा नवऱ्यामार्फत.

१२ जून
अकराच्या सुमारास मी सलाईन लावत होते. सासूबाई आल्या. "सिस्टर, बारा नंबर गप्प आहे."
"झोपला असेल. सकाळी बीपी ठीक होतं."
"सकाळी! आत्ता बघ!"
आवाज घरचा होता. धावले. कपाळावर गार घाम, ओठ पांढरे, नाडी पळतेय, बीपी घसरतंय — आतल्या आत रक्तस्राव! वीस मिनिटांत ऑपरेशनच्या टेबलावर. बरगडीखालची प्लीहा फाटली होती. वाचला! सर्जन म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर —"
चाळिसातला कोण गप्प झाला, मला कळलंच नसतं.
बसमध्ये म्हटलं, "आई, चुकलं माझं."
"तुझं कुठे गं? तिघींच्या गळ्यात चाळीस जण बांधले त्यांचं चुकलं." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. घोरल्यासुद्धा!

१५ जून
शिंपी बोलायला लागला. आता थांबेचना! सासूबाईंचा गणवेश खांद्यात कसा चुकलाय, हे पडल्यापडल्या समजावत होता. त्या कौतुकाने ऐकत होत्या. मीही उभी राहिले — पूर्ण दोन मिनिटं!

१८ जून
दोन दिवस गरगरत होतं. दगदग असेल, म्हणून दुर्लक्ष केलं. आज तपासून घेतलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "दोन महिने झालेत की!" लग्नाला अकरा वर्षं — आम्ही आशा सोडली होती! नवरा ओट्याला टेकून रडला. सासूबाईंनी मला घट्ट धरलं, मग चष्मा लावून लिहायलाच बसल्या.
"आई, काय लिहिताय?"
"अधीक्षकांना अर्ज. डिसेंबरपासून तू रजेवर — आणि मीही! रिकाम्या जागा धरून चार नर्स आत्तापासूनच शोधा म्हणावं."