जा म्हणेपर्यंत

४ फेब्रुवारी

प्रकाशकबाईंनी कादंबरीच्या तिसऱ्या भागाची पहिली प्रकरणं परत पाठवली! वर एकच शेरा — ह्यात वेगळं काय?

फोन केला तर ऐकवलंच. बाजारात सध्या दातवाल्यांचा सुळसुळाट झालाय म्हणे. सगळे उंच, सगळे फिकट, सगळ्यांचे काळे कोट आणि सगळ्यांच्या बापजाद्यांची इस्टेट. त्या गर्दीत आमचा व्हँपायर उठून दिसला, कारण पहिल्या दोन भागांत जग होतं, माणसं होती. ह्या भागात नुसते सुस्कारे आहेत.

सुस्कारे! जग रचणारा माणूस घर सोडून गेला, मागे सुस्कारेच उरणार. हे त्यांना सांगितलं नाही. बघते, म्हटलं.

५ फेब्रुवारी

काय होतं आमच्याकडे, ते एकदा स्वतःपुरतं मांडून बघते.

आमचा व्हँपायर शिंपी आहे. उंची बेताची, जुने कपडे उसवून बेतून देतो. गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप घ्यायची वेळ आली की श्वास रोखतो आणि पटकन आकडा सांगून टेप काढून घेतो, म्हणून त्याच्या सगळ्या कॉलरी थोड्या सैल. हे माझं. नायिका चाळिशीची, खोल्या भाड्याने देते, तोंडाची फटकळ, जिना चढताना गुडघा धरते. हेही माझं. माणसं माझी आणि जग नवऱ्याचं, अशी आमची वाटणी होती. मुखपृष्ठावर नावं दोघांची.

नवरा जमीन मोजणीच्या कचेरीत. त्याने गोष्टीतल्या गावाचा अख्खा नकाशा काढला होता — कुठल्या गल्लीत कुठल्या ऋतूत किती वाजेपर्यंत सावली, सगळं. मी 'तो धावत तिच्याकडे गेला' लिहायचे, आणि हा नकाशावर बोट ठेवून सांगायचा की एप्रिलात धावला तर कोपऱ्यावर उन्हाने राख होईल. मग भांडण. मग मी चिडून शिंप्याच्या हातात बायकी छत्री दिली, फुलाफुलांची. वाचकांना सगळ्यात जास्त तीच आवडली!

आणि नियम. इतरांच्या गोष्टींत व्हँपायर बोलावल्याशिवाय घरात येत नाही. आमच्यात त्याला पुढचं शेपूट होतं — एकदा आत घेतला की घरच्या बाईने तोंडाने 'जा' म्हटल्याशिवाय त्याला ते घर सुटत नाही. दुकानात बसेल, गल्ल्या फिरेल, पण मुक्कामाला पाय तिथेच वळतात. हा नियम नवऱ्याचा. मला तेव्हा गोड वाटला होता.

९ फेब्रुवारी

एक ओळ नाही. सासूबाईंचे पाय चोळले, औषधं आणली, दोनदा चादर बदलली. ह्यातून प्रणय काढायचा!

१२ फेब्रुवारी

दादाचा फोन. पुन्हा तेच — तू तिथे कशाला सडतेस, घर तिचं, मुलगा तिचा, तू कोण? माझ्याकडे ये.

बरोबर आहे त्याचं. घर सासूबाईंचं. त्यांचा मुलगा दीड वर्षापूर्वी कचेरीतल्या एका बाईबरोबर दुसऱ्या शहरात राहायला गेला. निघताना 'येतो' म्हणाला. जाताना आपण सगळेच तसं म्हणतो, त्यानेही सवयीने म्हटलं. मी दारात उभी राहून 'बरं' म्हटलं. मूर्खासारखं!

आणि सासूबाई काय म्हणाल्या? भांडी जरा हळू लाव, डोकं दुखतंय.

दादाला म्हटलं, कशी येऊ? ह्यांना कोण बघेल? कालपण चहा पाणचट झाला म्हणून बशीत तसाच ठेवला त्यांनी. माझ्या गोष्टीतला रक्त पितो तो निदान नंतर माफी मागतो.

१७ फेब्रुवारी

सासूबाईंचा नवा चष्मा आणायला गेले होते. चष्म्याच्या दुकानातल्या बाईने मला पुस्तकामागच्या फोटोवरून ओळखलं. दोन्ही भाग दोनदा वाचलेत म्हणाली. छत्रीवर बोलली, सैल कॉलरींवर बोलली. मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर!

मग काच पुसता पुसता म्हणाली, "एक विचारू? त्याला तिथून जाताच येत नाही ना? मग त्याचं प्रेम आहे, हे तिला कळणार कसं?"

मी थातूरमातूर काहीतरी बोलले. तिसऱ्या भागात येईलच, म्हटलं. कशाचं डोंबल येईल! मला हे आजवर सुचलंच नव्हतं.

१८ फेब्रुवारी

सकाळपासून दोन्ही भाग चाळले. नायिका त्याला शिव्या देते, दार आपटते, चार दिवस अबोला धरते — पण 'जा' कुठेच म्हणत नाही. आणि तो पानोपानी सांगतो, मी तुला सोडून जाणार नाही. नाहीच जाणार! पिंजऱ्यातल्या पोपटाने मी उडणार नाही म्हणावं, तसं. त्यावर बायकांनी मला पत्रं लिहिली, की असा पुरुष आम्हाला का मिळत नाही.

माणसं माझी, जग त्याचं, आणि आम्ही एकाच टेबलाशी बसून एकमेकांना एवढं साधं विचारलं नाही. मी प्रेम लिहीत होते आणि शेजारी बसून तो कुलूप घालत होता. लाज वाटते आहे. राग तर त्याहून जास्त.

२१ फेब्रुवारी

शेवटी नवऱ्याला फोन लावला. 'तिने' उचलला. आवाज बरा आहे मेलीचा.

त्याला नियमाचं विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे. म्हणून तर तू तिच्या तोंडात तो शब्द कधी घातला नाहीस."

मी म्हटलं, माहीत असतं तर दोन भाग कशाला घालवले असते? असला नियम केलासच कशाला?

"तिला एक दार ठेवलं होतं मी. उघडायचं की नाही, ते तुझ्याकडे होतं. दोन्ही भागांत वाट बघत होतो, ती कधी म्हणते. पण तुझी ती बाई घाबरट आहे गं."

मग आई कशी आहे विचारलं. येऊन बघ, म्हटलं, आणि फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी

घाबरट! लिहिलेलीला म्हणाला की लिहिणारीला, ते विचारायचं राहिलं.

१ मार्च

नवा चष्मा पेटीतच पडून आहे. अक्षरं नाचतात म्हणे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता चष्म्याने फार फरक पडणार नाही. सासूबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून होत्या. चहाच्या वेळी एकदम म्हणाल्या, तू जे लिहितेस ते वाच. काहीतरी ऐकू तरी दे.

सासूपुढे बसून मानेचे चावे वाचायचे! पहिला चावा मी गाळून पुढे गेले, तर त्यांना कळलं. मधलं खाल्लंस, म्हणाल्या.

४ मार्च

रोज दुपारी वाचन. रोज खुसपटं. हा दुकानात बसतो तर त्याची सावली पडते का? गिऱ्हाइकाला कधी सुई टोचली तर हा काय करतो? आणि ही बाई दिवसभर एवढी कुरकुरते, तर त्याला हाकलत का नाही? शेवटच्यावर मी मान वर केली नाही.

पण आज एक बोलल्या ते मात्र लिहून ठेवते. माणूस घरात खरा राहायला लागला की त्याच्या चपलांची जागा ठरते, ह्याच्या कुठे असतात? आत जाऊन लिहिलं — शिंपी चपला काढतो तेव्हा त्यांची टोकं दाराकडे करून ठेवतो, रोज, आणि नायिका रोज ती पायाने आत वळवते. दोघंही त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

एवढं एक वाक्य, आणि प्रकरण उठून बसलं. दोन भाग होऊन गेले, हे मला सुचलं नव्हतं. ज्यांना चहासुद्धा माझ्या हातचा गोड लागत नाही, त्यांना सुचलं.

८ मार्च

'जा' लिहिलं. नायिका भाजी चिरताना म्हणते, वर न बघता.

आधी लिहिलं की तो थांबतो. खोटं वाटलं. ज्याला जन्मभर थांबायला लावलं, तो दार सुटल्यावर आधी बाहेर पडून बघेलच. म्हणून तो जातो. चपला घालतो आणि जातो. रडले मी. शिंप्यासाठी नाही.

१३ मार्च

प्रकाशकबाई खूश! आता जग आलं, माणसं आली, असला व्हँपायर कुणाकडे नाही, वगैरे. पण — पण आलाच. ही प्रेमकथा आहे, तो परत यायला हवा.

मी नियम समजावून सांगितला. एकदा 'जा' म्हटलं की जुनं बोलावणं संपलं. आता नव्याने 'ये' म्हटल्याशिवाय तो आत येऊ शकत नाही. ती म्हणणार नाही, कारण तिने त्याला मोकळं केलंय, आता बोलावलं तर पुन्हा बांधल्यासारखं होईल. आणि तो मागणार नाही. त्यालाही स्वाभिमान आहे.

त्या म्हणाल्या, "मग कुणीतरी एकाने नाक खाली करा. प्रेमकथेत तेवढं लागतंच."

१६ मार्च

दोघांचंही नाक खाली होत नाही. माझीच माणसं ती.

१९ मार्च

दादाने खोली रंगवून घेतली. टेबल खिडकीपाशी लावलंय, लिहायला उजेड येईल म्हणाला. मी नेहमीचं ऐकवलं, ह्यांना टाकून कशी येऊ. तो म्हणाला, हे तू दीड वर्ष सांगते आहेस. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी आतून विचारलं, कोण होतं? कुणी नाही, म्हटलं. कान शाबूत आहेत त्यांचे, हे मी विसरले.

२४ मार्च

आज दुपारी सासूबाईंनी 'जा'चं प्रकरण पुन्हा वाचायला सांगितलं. वाचलं. मला वाटलं त्यांचा डोळा लागला.

मग म्हणाल्या, "मी तुला कधी जा म्हटलं का?"

नाही, म्हटलं.

"मग आता म्हणते. जा. भावाकडे जा. माझं नाव सांगून किती दिवस बसशील?"

ह्यांना कोण बघणार, हे माझ्या ओठांवर होतं, पण त्यांची तयारी आधीच झालेली! समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंना राहायला जागा हवी आहे. त्या ह्या घरात राहतील आणि ह्यांना बघतील. सगळं फोनवर ठरवलं, मी दुकानात गेले असताना. नर्सबाईंना कुठली खोली? माझी.

दीड वर्ष पाय चोळले त्याचं हे! कागद गोळा केले आणि आत आले. भांडी मुद्दाम आपटून लावली. आज डोकं दुखलं नाही त्यांचं.

२६ मार्च

बॅग भरायला घेतली. नर्सबाई खोली बघून गेल्या. पडद्यासाठी खिडकीचं माप घेतलं, कपाट हलवता येईल का विचारलं. स्वभावाने चांगल्या आहेत. त्याचाही राग आला.

बॅगेत साड्या घातल्या, काढल्या. मग खाटेवर बसले आणि खरं काय ते स्वतःशी कबूल केलं. मला जायचं नाही. दादाला, प्रकाशकबाईंना, ह्या वहीला, सगळ्यांना मी अडकले म्हणून सांगत आले. कुणी अडकवलं होतं मला? 'कशी जाऊ' म्हणायला बरं वाटत होतं. राहायचंय म्हणायला तोंड नव्हतं — ज्या घरातून नवरा निघून गेला, त्याच घरात?

आणि ही म्हातारी. माझी पुस्तकं नवऱ्याने वाचली ती नकाशाला धरून, बाकीच्यांनी फावल्या वेळात. चावे न गाळता, कान देऊन पहिल्यांदा ऐकलं ते हिने. वाचून झालं की चार वाजता हिचा आवाज येतो, पुढे काय? काल आला नाही. आजही नाही. मी स्वयंपाकघरात उगाच घुटमळले, त्या बोलावतील म्हणून.

त्या बोलावणार नाहीत. त्यांनी मला मोकळं केलंय ना!

२८ मार्च

सकाळी चहा देताना विचारलं, मी इथेच राहिले तर चालेल का? पहिल्यांदा नुसतीच पुटपुटले. दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

सासूबाईंनी चहा सगळा संपवला. कप माझ्या हातात दिला.

"विचार करून सांगते," म्हणाल्या.