आंबटावरची ड्यूटी

सोमवार, ४ मार्च. सकाळी.

आजपासून रोजनिशी. मी बोलणार, सूनबाई लिहिणार. मला अक्षर येत नाही, पण ज्यांना येतं त्यांनी या घरात काय दिवे लावलेत ते बघतेच आहे. (हे लिहिलं का, विचारलं. लिहिलं म्हणाली. नाक फुगवून लिहिलं.) कुणाला वाचून दाखवायची नाही.

कारण असं. आमच्या कारखान्यात आंबट बनतं. सरबतात, खोकल्याच्या औषधात, भांड्यांच्या साबणात जी पांढरी दाणेदार पावडर पडते ती, कागदोपत्री सायट्रिक ॲसिड. टँकमध्ये उसाची मळी भरायची, त्यात बुरशी वाढवायची, बुरशी मळी खाते आणि आंबट देते. आमचे हे आणि मी, आम्ही एका टँकवर सुरुवात केली. हे गेले, टँक चार झाले. बाहेरच्या देशातली माणसं हेच आंबट स्वतःच्या घरी विकतात त्याहून स्वस्तात आमच्या दारात आणून ओततात. म्हणून सरकारने त्यांच्या मालावर अँटी-डम्पिंग ड्यूटी, म्हणजे जादा कर, लावली. तिची पाच वर्षं आता संपतायत. सरकार विचारतंय, पुढे चालू ठेवू की काढू? काढली तर आमचे टँक भंगारात. चौकशीला माणसं कारखान्यात येणार आहेत.

संकल्प पहिला: ड्यूटी चालू ठेवून दाखवायची.
संकल्प दुसरा: टोमणे बंद.

बुधवार, ६ मार्च

लेकाला सही करायला लावली. अर्ज नदीपलीकडच्या मोठ्या कारखान्याचा आहे, बाकीच्यांनी नुसता पाठिंबा द्यायचा. तेवढा कागदही त्याच्या टेबलावर महिनाभर लोळत होता. म्हणे, आई, ड्यूटी गेली तरी काही बिघडत नाही, उलट बरंच होईल. उलट बरं! असं बोलणारा आंबटवाला मी जन्मात पाहिला नाही. म्हटलं, तू सही कर, नाहीतर मी अंगठा उठवते आणि खाली लिहून घेते की मालकाला पेन जड झालंय. केली. चेहरा असा, जसं काही स्वतःच्याच वॉरंटवर सही करतोय.

तो टोमणा नव्हता. आठवण करून दिली.

सोमवार, ११ मार्च. दुपारी.

कारखान्यात चक्कर मारली. लांब नाही, घराच्या नि कारखान्याच्या मधे एकच भिंत. पूर्वी मळीच्या वासाने पाहुणे ताटावरून उठायचे. आता मला वासच येत नाही. नाक म्हातारं झालं. गच्चीवर वाळत घातलेले कपडेही हल्ली काळे होत नाहीत. सूनबाईला म्हटलं, साबण बदललास वाटतं. म्हणाली, हो आई. कधी नव्हे ते एका दमात कबूल केलं.

टँकला हात लावून पाहिला. गार. फोरमन म्हणाला, आजी, मेंटेनन्स चालू आहे. म्हटलं, गेल्या वर्षीही चालू होतं की रे. म्हणाला, हो ना आजी, नीट करायचं तर वेळ लागतोच. कामाचा माणूस. कामगार कमी दिसले. रजेवर असतील. गोडाऊन मात्र छतापर्यंत भरलेलं! टँक गार आणि गोडाऊन गच्च, याला म्हणतात कारभार. लेक तोंडाने मंद, पण साठा करून ठेवणारा आहे. माझ्यावर गेलाय.

नेहमीसारखा एकेका लॉटचा एकेक दाणा जिभेवर ठेवला. मशीनच्या आधी माझी जीभ, हा पहिल्या टँकपासूनचा नियम. मी मान हलवल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. सगळे लॉट पास. आंबट स्वच्छ, मागे कडू चव नाही. लेकाला सांगितलं, हल्लीचा माल तुझ्या बापाच्या काळापेक्षा चांगला उतरतोय. त्याला ठसका लागला. कौतुकाची सवय नाही बिचाऱ्याला.

गुरुवार, १४ मार्च

लेकाने बजावलं: मंगळवारी ते लोक येतील तेव्हा तू वर घरातच बस. का, विचारलं. म्हणे, आपलं नुकसान होतंय असं दाखवावं लागतं, ड्यूटी रडणाऱ्यालाच मिळते. आणि तू पाहुणा दिसला की बढाया मारायला लागतेस. मी! मी फक्त खरं जरा मोठ्याने बोलते.

संकल्प: मंगळवारी घरात. तोंडाला कुलूप. हे लिहिताना सूनबाई हसली आणि वरून खोकल्याचं नाटक केलं. या घरात खोकला फार झालाय.

मंगळवार, १९ मार्च. संध्याकाळी.

जिंकलो. पहिल्यापासून सांगते, सूनबाईला माहीत नाही. काल ती नि लेक कागद तयार करायला शहरात होते, रात्री उशिरा परतले. सकाळी मागच्या दाराने तडक ऑफिसात जाऊन बसले.

काल त्यांच्या माघारी मी म्हटलं, घरातच बसायचंय, पण पाहुण्यांची बसायची सोय तरी पाहू. ऑफिससमोरची बाकं बघवत नव्हती, फळ्यांच्या ढलप्या निघालेल्या. गोडाऊनच्या मागे रिकाम्या पोत्यांचा ढीग सापडला. काय देखणी पोती! जाड, आतून चकचकीत, बाहेरून निळी अक्षरं. फोरमन घरी गेला होता, नाहीतर त्याने अडवलंच असतं, चांगली वस्तू फेकून द्यायची या लोकांना भारी हौस. झाडलोट करणाऱ्या दोघींना हाताशी घेतलं, पोती धुतली, वाळवली, घड्या घालून बाकांवर अंथरली. अक्षरं वर. पाहुण्यांना कळू दे, आमच्याकडे सगळं छापील असतं.

आज सकाळी वरच बसले होते. शपथ. पण चहा खाली न्यायला कुणी नव्हतं.

साहेब म्हणून आली ती एक चष्मेवाली बाई निघाली. नीट बाई, आवाज न करता चहा पिणारी. तिने विचारलं, आजी, कारखाना कसा चाललाय? आता रडायला मला शिकवलेलंच नाही. म्हटलं, एक दिवस तोटा नाही, गोडाऊन बघा, मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. लेक मागून हातवारे करत होता. माशा हाकलत असेल. ती म्हणाली, टँक तर गार आहेत. म्हटलं, मेंटेनन्स. दोन वर्षं चाललंय, घाईचं काम आम्ही करत नाही. तिने मान तिरकी करून बाकावरचं पोतं वाचलं. मग दुसरं वाचलं. फोटो काढला. म्हटलं, आवडलं का? घेऊन जा. ती म्हणाली, एक न्यायला हरकत नाही. मी स्वतः घडी घालून दिलं.

मग तिने पिशवीतून एक पुडी काढली, बाहेरून आलेल्या मालाचा नमुना. आमच्या गोडाऊनमधले चार दाणे दुसऱ्या कागदावर. ऐकलंय तुमची जीभ मशीन आहे, म्हणाली. मी दोन्ही चाखले. लगेच ओळखलं. म्हटलं, बाई, मला फसवताय होय? दोन्ही आमचेच! तिने लिहून घेतलं. निघताना माझा हात हातात घेतला, आजी, तुमची फार मदत झाली म्हणाली.

लेकाचा चेहरा आंबटासारखा पांढरा. आनंद सोसत नाही त्याला.

सूनबाईने आज एकदाही नाक फुगवलं नाही. नुसती लिहिते आहे.

बुधवार, २० मार्च

सूनबाईने पेन खाली ठेवून सांगितलं. मग मी म्हटलं, लिही तेही.

टँक दोन वर्षं बंद आहेत. आंबट बाहेरून येतं, त्याच देशातून. ड्यूटी भरूनसुद्धा ते आमच्या मळीपेक्षा स्वस्त पडतं. रात्रपाळीत ते आमच्या पोत्यांत भरतात, त्यांची पोती मागे टाकतात. निळी अक्षरं म्हणजे तिकडच्या कारखान्याचं नाव. लेक ड्यूटी सुटायची वाट बघत होता. सुटली असती तर चार पैसे मागे पडले असते, मग पुन्हा टँक लावायचे असं म्हणत होता.

मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, आई, तुम्हाला सांगायची हिंमत कुणात होती? तुम्ही एकेक शब्द मोजून मारला असता त्यांना.

मी? माझे टोमणे तर चार तारखेपासून बंद आहेत.

मग माझी जीभ, म्हटलं. ती म्हणाली, तुमची जीभ दोन वर्षं त्यांचाच माल पास करते आहे.

माल चांगला होता म्हणून पास केला. जीभ प्रामाणिक आहे. जीभ कुठं पोत्यावरचं वाचते?

शुक्रवार, २२ मार्च

लेक बोलत नाही. मीही बोलत नाही. मी आधी सुरू केलं.

शनिवार, ३० मार्च

एवढ्याने मी बसणारी नाही. नवा प्लॅन. एक टँक लावायचा. मळी भरायची, बुरशी सोडायची, चष्मेवालीला फोन करायचा की या, हात लावून बघा, गरम आहे. फोरमनला बोलावलं. तो म्हणाला, आजी, बुरशीचं बी केव्हाच मेलं. म्हटलं, नवं आणू. म्हणाला, पाइप गंजलेत. म्हटलं, बदलू. म्हणाला, आजी, मी एक तारखेपासून नदीपलीकडे जातोय. विचारलं, तिकडे काय सोनं लागलंय? म्हणाला, तिकडे टँक गरम असतात.

तोंडावर बोलला. माझ्याच हाताखाली तयार झालेला.

प्लॅन पुढच्या आठवड्यावर.

गुरुवार, १६ मे

प्लॅन अजून पुढच्याच आठवड्यावर. मळीवाल्याने उधार द्यायला नकार दिला, आणि लेक म्हणाला, आई, पुरे.

सरकारचं पत्र आलं. आम्हाला उत्पादक म्हणून धरत नाहीत. आयात करणारे म्हणून धरतात. पाठिंबा रद्द.

मग विचार केला. आम्ही आयात करणारे असू, तर ड्यूटी गेलेलीच बरी. पहिल्यापासून माझं हेच मत होतं. लेकाला म्हटलं, अरे, तक्रार कर, आमच्यासारख्या गरीब आयातवाल्यांना मारताय का म्हणून विचार. तो म्हणाला, कुठल्या तोंडाने? सही तूच करायला लावलीस. जुनं उगाळायची सवय त्याच्या बापाची.

संकल्प: ड्यूटी काढून दाखवायची.

शुक्रवार, २८ जून

लेक आज आपणहून माझ्याशी बोलला. होतं नव्हतं ते घालून जहाज भरून माल मागवलाय म्हणाला. ड्यूटी जाणार असं सगळे दलाल सांगतात, गेली की त्याच दिवशी बंदरातून सोडवायचा. धाडस आहे, म्हटलं. हसला. किती महिन्यांनी हसला. हे दलालांचं श्रेय नाही. माझा संकल्प पावतोय.

मंगळवार, ९ जुलै. दुपारी.

निकाल लागला. ड्यूटी चालू. आणखी पाच वर्षं.

नदीपलीकडच्या कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला, थांबेचना. सूनबाईने आदेश वाचून दाखवला. लांबलचक. मधेच थांबली. म्हटलं, वाच. एका कारखान्याच्या ज्येष्ठ मालकीणबाईंना देशी नि परदेशी मालात चवीचाही फरक सांगता आला नाही. अर्थात दोन्ही माल एकच, आणि स्वस्तातला महागाला सहज हुसकून लावतो. सबब ड्यूटी आवश्यक. असं काहीतरी.

म्हणजे मीच चालू ठेवली. म्हटलं होतं ना.

सूनबाईने वर बघितलं नाही.

संध्याकाळी.

माल बंदरात उभा आहे. सोडवायचा तर पूर्ण ड्यूटी भरायची. न सोडवला तर रोजचं भाडं. भरायला टँक विकावे लागतील, आणि टँक भंगाराच्याच भावाने जातील. हे सगळं लेकाने मला समजावून सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं, हळूहळू. एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर सुचलं असतं.

मग म्हणाला, आई, तूच सांग, आता काय करू?

कारखाना त्याच्या हाती दिल्यापासून त्याने मला एक गोष्ट विचारली नव्हती. मी सांगत राहिले, तो ऐकत राहिला. आज विचारलं. समोर बसून, हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघत बसला.

सूनबाई पेन धरून थांबली होती. मी तिला म्हटलं, दिवा लाव, अंधार झालाय.