न्यूरॉनची दुपारची विश्रांती

३ नोव्हेंबर
परिषदेचं पत्र आलं. विषय, न्यूरॉनचं पेशीजीवशास्त्र. माझ्या नऊ वर्षांच्या कामाला वीस मिनिटं, उद्घाटनाच्या भाषणांना दोन तास. किळस येते.
तरी जाणार. पुढच्या वर्षी रिटायर होतोय. त्याआधी एक तरी शोध नावावर लागला पाहिजे. नाहीतर मागे काय, कपाटाची किल्ली?

४ नोव्हेंबर
भाषणाची सुरुवात जमली. न्यूरॉनला लांबच लांब शेपूट असतं. पेशीत तयार झालेला माल बारीक पुडक्यांतून त्या शेपटातून पुढे सरकतो. जग समजतं, ही वाहतूक अखंड चालते. मायक्रोस्कोपवरून घेतलेल्या माझ्या फिल्ममध्ये ती रोज दुपारी एक ते एक चाळीस थांबते. ठप्प. न्यूरॉन विश्रांती घेतो. रविवारी मात्र घेत नाही. म्हणजे पेशीला वारसुद्धा कळतात.
मे महिन्यात मी पंधरा दिवस रजेवर होतो, तेव्हा विश्रांती दिसली नाही. नमुने खराब असणार. तो भाग गाळला.

७ नोव्हेंबर
प्रयोगशाळेतल्या ताईंना बरोबर न्यावं लागणार. चौदा वर्षं मायक्रोस्कोप त्याच सांभाळतात, कोणती फिल्म कुठे आहे ते त्यांनाच माहीत. मी सांगेन ते वहीत लिहितात. न सांगितलेलंही लिहितात.
आज म्हणाल्या, की सर, हीटरच्या प्लगचं एकदा बोलायचं होतं. हीटर म्हणजे पेशींची बशी सदतीस अंशांवर ठेवणारा. माणूस इतिहास घडवायला निघालाय आणि यांचं प्लग. म्हटलं, परिषदेनंतर.

१८ नोव्हेंबर, सकाळी ८
हॉटेल. गालिच्याला ओल्या मोज्यांचा वास. कॉफीवर साय की साबण, कळत नाही. गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रावर माझा फोटो, त्यातही मी किळस आल्यासारखा दिसतो.
निश्चय: इथे काही खायचं नाही.

दुपारी २
खाल्लं. सगळं गार. आठ पदार्थांत एकच चमचा फिरत होता. माझ्या पुढच्या माणसाने तो चाटला आणि परत ठेवला. मी पाहिलं.
ऑफिसात माझा डबा पावणेदोनच्या ठोक्याला वाफाळत टेबलावर येतो. मायक्रोवेव्हमधलं रबर नाही, मंद शेगडीवर चाळीस मिनिटं तापलेला. ताईंची शिस्त. बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, नाकाने कांदे सोलणं आता तरी बंद करा. हिला विज्ञानातलं काय कळतं.

१९ नोव्हेंबर
दिवसभर दुसऱ्यांचे पोस्टर पाहिले. रंगीत कचरा. एकाचा विषय, न्यूरॉनमधलं टाकाऊ कसं बाहेर जातं. त्याला विचारलं, तुम्ही स्वतः कधी जाणार? हसला नाही.
उद्याच्या सत्राचा अध्यक्ष ढापण्या. कॉलेजात माझ्या प्रॅक्टिकलच्या वह्या उतरवायचा. उद्या त्याच्याच तोंडून अभिनंदन ऐकायचंय. आरशासमोर नम्र हसण्याची प्रॅक्टिस केली. तीन प्रकार जमले.
लिफ्टमध्ये ताई म्हणाल्या, की आभाराच्या स्लाइडवर माझं नाव नको. केवढा हा विनय. नाव ठेवलं, अक्षर मोठं केलं. खाली ओळ टाकली: यांच्या काटेकोर नोंदींमुळेच हा शोध शक्य झाला.

२० नोव्हेंबर, सकाळी ९
घोडामैदान जवळच आहे. टाय लावला.

दुपारी ३
लिहायची इच्छा नाही. पण बोलणार कोणाशी?
भाषण चांगलं झालं. सभागृह शांत होतं. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिने विचारलं, की गारव्यानेही ही वाहतूक थांबते, मग बशीचं तापमान त्या वेळी मोजलं होतं का?
मी हसलो. प्रकार दुसरा. म्हणालो, नऊ वर्षांत हीटर एक क्षण बंद पडलेला नाही, आमच्या ताईंनाच विचारा.
ताई उठल्या. पर्समधून वही काढली. म्हणाल्या, की हीटर बंद पडत नाही, मीच काढते. एक वाजता काढते, एक चाळीसला लावते. रोजची नोंद आहे. खोलीत मायक्रोस्कोपचा सोडून प्लग एकच आणि सरांना गार अन्न चालत नाही. तिथे विजेची शेगडी लावायचं सरांनीच सांगितलं होतं. रविवारी सर येत नाहीत, तेव्हा काढत नाही. मे महिन्यात सर रजेवर होते, तेव्हाही काढला नव्हता.
आधी कोणी हसलं नाही. मग सगळेच हसले. मागे पडद्यावर ताईंचं नाव, मोठ्या अक्षरात.
ढापण्याने विचारलं, मायक्रोस्कोपच्या खोलीत जेवण? आणि नाक मुरडलं. तसं नाक मी मुरडतो. लोकांना समोरून काय दिसतं ते आज कळलं.
मला लाज वाटली. इतकी लाज शाळेनंतर वाटली नव्हती.

संध्याकाळी ५
परतीच्या प्रवासात ताई शेजारी. म्हणाल्या, की मी चार वेळा सांगायचा प्रयत्न केला. मी म्हणालो, दोन वेळा. त्यांनी वही उघडली. चार.

२४ नोव्हेंबर
ताईंनी घरून एक्स्टेन्शन बोर्ड आणलाय. म्हणाल्या, की आता शेगडी बाहेरच्या टेबलावर ठेवते, हीटरही चालू राहील, डबाही गरम होईल. म्हटलं, आज डबा राहू द्या.
एक ते एक चाळीस मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो. पुडकी चाललीच होती. एकही थांबलं नाही.
एक अडतीसला मात्र एक पुडकं किंचित रेंगाळलं. मी पाहिलं. ताईंना म्हटलं, लिहा. त्यांनी येऊन पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पेनाला टोपण लावलं.
डबा गारच खाल्ला.